पंखाखालचं काम

अण्णा, भाऊच्या पाठीचं ऑपरेशन झालं. काळजीचं काही नाही, आता काठी न घेता चालतो. ऑपरेशनच्या आधी एक तरुण डॉक्टर माहिती लिहून घेत होता. नोकरीत काम काय होतं, असं त्याने विचारलं. भाऊ म्हणाला, "वाकायचं." डॉक्टर हसला. त्याला वाटलं, म्हातारा गंमत करतोय. मी शेजारीच बसले होते, ते खरं आहे हे मला माहीत होतं. तुम्ही गेल्याला इतकी वर्षं झाली की भाऊ आता तुमच्यापेक्षा वयाने मोठा आहे. मीही आहे. दवाखान्यातून घरी येताना मला तुमच्याशी बोलावंसं वाटलं, ते त्याच्या पाठीबद्दल नाही. ज्या प्लास्टिकच्या विमानावरून तुम्ही बापलेक बोलेनासे झालात, त्याबद्दल. घरात त्यावर कुणी सरळ बोललं नाही. माय होती तोवर नाही, नंतरही नाही. म्हणून एकदा, घडलं तसं, तुम्हाला सांगते. त्यातलं बरंच तुम्हाला माहीत आहे. सगळं नाही.

तेव्हा आपलं परतूर परभणी जिल्ह्यात होतं आणि गाडी छोट्या रुळांवरून यायची. एकाहत्तरची लढाई होऊन गेली होती, दुष्काळही सरला होता, मी मॅट्रिकच्या वर्गात होते. भाऊ औरंगाबादचं कॉलेज अर्ध्यावर सोडून हवाई दलात भरती झाला, त्याला काही वर्षं झाली होती. त्याने शिक्षक व्हावं अशी तुमची इच्छा होती. भरतीची बातमी आली तेव्हा तुम्ही आरडाओरडा केला नाहीत, फक्त त्याची पुस्तकं कपाटातून काढून शाळेच्या वाचनालयात देऊन टाकलीत. मग लढाई झाली, आपण जिंकलो, आणि मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, लोक तुम्हाला थांबवून विचारू लागले, गुरुजी, पोरगं कुठं असतं? तुम्ही सांगायचात, "विमानावर असतो." विमानावर काय करतो, असं कुणी विचारलं तर म्हणायचात, "मेकॅनिक आहे." हे तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. भाऊच्या पत्रात 'टेक्निकल काम' एवढंच असायचं. त्यापुढचं तुम्ही विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही.

भाऊच्या तुकडीतला एक जण सुट्टीवर नांदेडला चालला होता. गाडी परतूरला थांबते तेवढ्या वेळात तो एक खोकं देईल, असं भाऊने कळवलं होतं. आपण दोघं स्टेशनवर गेलो. तुम्ही शाळेतून रजा घेतली होती, ही एरवी न होणारी गोष्ट. एका खिडकीतून एक जण हात हलवत होता.

"गुरुजी तुम्हीच ना? हे घ्या. आडवं धरा, आडवं! तुमच्या पोरानं बजावून बजावून डोकं उठवलं माझं. मनमाडपासून मांडीवर घेऊन आल्तो, पाय मेला माझा."

"चहा तरी घ्या," तुम्ही म्हणालात.

"चहा घ्यायला गाडी थांबून राह्यली का काका?"

गाडी खरंच हलली होती. तुम्ही खोकं दोन्ही हातांवर आडवं धरून प्लॅटफॉर्मवर उभे होतात आणि नमस्कार करायला हात मोकळा नाही म्हणून नुसती मान हलवत होतात.

खोक्यावर रंगीत चित्र होतं. करडं, लहानसं विमान, त्रिकोणी पंख, खाली हिरवं रान, रानातून वर येणारा धूर. मी इंग्रजी वाचून सांगितलं: हलकं, हल्ल्याचं विमान. जहाजावरून उडणारं. लढाईच्या वेळी ज्या देशाचं आरमार आपल्याकडे निघाल्याचं पेपरात आलं होतं, त्या देशाचं. "त्यांचंच का?" तुम्ही म्हणालात, आणि थोड्या वेळाने, "असू दे. प्लास्टिकला काय कळतं." आत भाऊची चिठ्ठी होती. त्याच्या साहेबाने हे परदेशातून आणलं होतं आणि बदली झाल्यावर भाऊला देऊन टाकलं होतं. तुमचा हात चांगला आहे, असं भाऊने लिहिलं होतं. मी उन्हाळ्यात येतो, तोवर लावून ठेवा, चित्रात आहे तसं. तुम्ही ती चिठ्ठी मायला दोनदा वाचून दाखवली. पोराने बापाच्या हाताचं कौतुक केलं होतं. कॉलेज सोडल्यापासून त्याने तुमच्याकडे पहिल्यांदाच काही मागितलं होतं.

तुमचा हात खरंच चांगला होता. कागदाच्या लगद्याचा महाराष्ट्राचा नकाशा, पुठ्ठ्याचं घड्याळ, शाडूची फळं, शाळेतलं असं सगळं तुम्हीच केलेलं होतं. विमान मात्र लगद्याचं नव्हतं. सगळे भाग प्लास्टिकच्या चौकटींना चिकटलेले, प्रत्येकाला बारीक नंबर. आपण स्वयंपाकघरात बसतो, कारण उजेड तिथेच येतो. मायचं सूप घेऊन त्यात भाग मांडतो. हत्यारं म्हणजे तुमचं दाढीचं ब्लेड, माझी केसांची आकडी आणि मायचा चिमटा. तुम्ही नंबर म्हणता, मी भाग शोधते. वर्गात हजेरी घ्यावी तसं. सोबत आलेली डिंकाची नळी वाटेत वाळून दगड झाली आहे. सायकलवाल्याचं सोल्युशन लावून पाहिलं, ते धरत नाही. शेवटी मोंढ्याजवळच्या रेडिओवाल्याने युक्ती सांगितली: चौकटीचे उरलेले तुकडे थिनरमध्ये विरघळवा, जे होईल तोच डिंक. त्याने इंजेक्शनच्या रिकाम्या बाटलीत थोडं थिनरही दिलं. त्या वासाने माय वैतागते.

"बापलेकींनी चुलीपाशी दुकान मांडलं. भाकरीला वास येऊन राह्यला थिनरचा."

"तिथं चुलीत विस्तव आहे, जरा दूर सरक तू," तुम्ही मला म्हणता. मायला काही म्हणत नाही.

दर रविवारी थोडं थोडं काम व्हायचं. रंग शाळेचाच होता, फळ्याला देतात तो काळा आणि खिडक्यांचा पांढरा, दोन्ही मिसळून करडा. देशाच्या खुणा कागदावर छापलेल्या होत्या, पाण्यात भिजवून अलगद सरकवायच्या. परक्या देशाची खूण आपण का लावायची, असं मी विचारलं. तुम्ही म्हणालात, चित्रात आहे तसं करायचं. आपल्या मनाचं घालायचं असेल तर मग नवीन चित्र काढावं. हे वाक्य तुम्ही शाळेतही म्हणायचात. मला ते पाठ होतं.

एकदा गंमत झाली. चाकं लागली, विमान प्रथमच जमिनीवर उभं केलं आणि ते मागे कलून शेपटीवर बसलं. माय पदराने तोंड झाकून हसली. "बसलं की हो तुमचं विमान. कुत्र्यावानी." मी परत कागद वाचला. नाकात वजन भरा, असं लिहिलं होतं, आपल्या नजरेतून ते सुटलं होतं. सुदैवाने नाकाचं टोक अजून चिकटवलेलं नव्हतं. वजन म्हणून काय भरावं यावर तुम्ही विचार करत होतात, तोवर मायने डब्यातून मूठभर ज्वारी काढून पुढे केली. ज्वारी भरली, टोक चिकटवलं, विमान तीन चाकांवर उभं राहिलं. उभं राहिल्यावर त्याचे पाय फार लांब दिसले. "बगळा हाय," माय म्हणाली. तुम्ही मान तिरकी करून बराच वेळ पाहिलंत. "एवढे उंच पाय कशाला दिले असतील?" मला माहीत नव्हतं. कागदावर त्याबद्दल काही नव्हतं.

पंखाखाली लटकवायचे भाग सगळ्यात शेवटी होते. तुम्ही यायच्या आधीच मी ते चौकटीवरून कापून वाटीत काढून ठेवले होते, आणि एकाचे दोन अर्धे भाग जोडूनही टाकले होते. गुळगुळीत, माशाच्या आकाराचा, शेपटीला चार पाती. तुम्ही तो माझ्या हातातून घेतलात.

"हे काय आहे?"

"बॉम्ब आहे, अण्णा. आता त्याचाच नंबर आहे."

"कोण म्हणालं तुला काढ म्हणून?"

"कागदावर आहे."

"कागदावर असू दे. आपल्या घरात हे लागायचं न्हाई."

माय भाकरी थापत होती. "खेळण्यातलं तर हाय. त्यानं कोण मरतंय?"

"सकाळी फोटोंसमोर उभं राहून आपण पहिलं काय म्हणतो?"

रोज सकाळी भिंतीवरच्या दोन फोटोंसमोर आपण उभे राहायचो. पाच शीलं तुम्ही एकेक म्हणायचात आणि तुमच्यामागे आम्ही. पहिलं जीव न घेण्याचं. तुम्ही ज्या वर्षी दीक्षा घेतलीत त्या वर्षापासून एक दिवसही ते चुकलं नव्हतं. तुमच्या बाजूने पाहिलं तर त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. तुम्ही ते भाग एका रिकाम्या काडेपेटीत घातलेत, पेटी फळीवर ठेवलीत आणि विमानाला शेवटचा रंगाचा हात दिलात. मला तुम्ही रागावलात हे मी मनावर घेतलं नाही. तुमच्या रागावण्यात कधी अपमान नसायचा.

विमान बाहेरच्या खोलीत गजराच्या घड्याळाशेजारी ठेवलं. हेडमास्तर पाहून गेले, रेडिओवाला पाहून गेला, शेजारची मुलं दाराशी रांग लावून पाहून गेली. तुम्ही प्रत्येकाला सांगत होतात, मुलाने पाठवलं, तो विमानावर असतो. पंख रिकामे आहेत हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

उन्हाळ्यात भाऊ आला. ट्रंक दारात ठेवली, मायच्या पाया पडला, तुमच्या पडला, आणि थेट फळीकडे गेला. विमान हातात घेऊन त्याने ते उजेडात फिरवलं. मी त्याचा चेहरा पाहत होते. तो लहान झाल्यासारखा दिसत होता.

"एक नंबर, अण्णा. रंग तर बिलकुल बराबर. आमच्या साहेबाला बी असं जमलं नसतं."

तुम्ही खुर्चीत बसून होतात, पण खुर्चीच्या हातावर बोटं वाजवत होतात. तुम्ही खूश असलात की तसं करायचात. मग भाऊने विमान उलटं केलं. पंखाखाली बारीक भोकं होती. त्याने त्यावरून अंगठा फिरवला.

"इथले कुठायत?"

"काय?"

"बॉम्ब. हरवले का?"

"न्हाई. ठेवलेत. लावले न्हाईत."

भाऊ हसला. "मंग हे वर जाऊन काय करतं हो? हवा खातं? का कापसावर औषध मारतं?"

"उडतं," तुम्ही म्हणालात. "आपल्याला तेवढं बस."

भाऊचं हसू गेलं. त्याने विमान फळीवर ठेवलं नाही. "अण्णा, मी काय काम करतो म्हाईत हाय का तुम्हाला?"

"मेकॅनिक आहेस."

"इंजिनाला मी हात बी लावत न्हाई. मी हे लावतो. जे तुम्ही न्हाई लावलं, ते."

भाऊ खोलीच्या मधोमध उकिडवा बसला, मान वाकवली, आणि विमान एका हाताने डोक्यावर धरलं. "ह्याचे पाय एवढे उंच का हायत सांगू का? ह्याच्या खाली बॉम्ब मावला पाह्यजे, आणि लावणारा माणूस मावला पाह्यजे. तो माणूस मी हाय. असा बसतो मी, दिवसभर. माझं सगळं काम पंखाखाली. वर माझं काहीच न्हाई. तुम्ही बाकी सगळं चित्रात हाय तसं केलं, फकस्त मला गाळलं."

"मला म्हाईत नव्हतं," तुम्ही म्हणालात.

"आता झालं ना म्हाईत. मंग लावा. माझ्यासमोर लावा."

माय आतून आली होती, हाताला पीठ तसंच. "जेवा आधी दोघं. पोरगं गाडीतून उपाशी आलंय."

"थांब माय," भाऊ म्हणाला. "लावता का अण्णा?"

"न्हाई."

"मंग उद्या सकाळी फोटोंसमोर मी काय म्हणू? पहिलं सोडून देऊ? चारच म्हणू?"

तुम्ही खुर्चीतून उठलात. मग म्हणालात, "ते तुझं तू ठरव."

अण्णा, हे वाक्य मी पुढे पुष्कळदा मनात फिरवून पाहिलं. तुम्ही कुणालाही असं सांगणारे नव्हतात. शाळेत, घरात, गल्लीत, जो विचारेल त्याला तुम्ही सांगायचात काय करायचं, आणि का तेही सांगायचात. त्या दिवशी तुमच्याकडे सांगायला काही नव्हतं. भाऊला वाटलं, तुम्ही त्याला बाहेर काढलंत. मला आज वाटतं, तुम्हाला उत्तर येत नव्हतं, आणि येत नाही असं म्हणायची तुम्हाला सवय नव्हती. तुमच्या पिढीने एवढ्या कष्टाने एक धर्म घेतला होता, तो धरून ठेवण्यात तुमचा सगळा जोर गेला होता. आणि तुमचा मुलगा सैन्यात मानाने उभा होता, त्यालाही जोर लागला होता. दोन्ही एका घरात कसं बसवायचं, हे कुठे लिहिलेलं नव्हतं.

भाऊ सगळी सुट्टी राहणार होता. दुसऱ्या दिवशी सकाळी आपण वंदनेला उभे राहिलो तेव्हा तो ओसरीवर बूट बांधत होता. जाताना फळीवरची काडेपेटी त्याने शर्टाच्या खिशात घातली. विमान नेलं नाही. तुम्ही दारापर्यंत गेलात, तो मायशी बोलला, माझ्या डोक्यावर टपली मारली आणि निघून गेला. त्या पेटीचं पुढे काय झालं, मी त्याला विचारलं नाही.

नंतर तो आला नाही. सुट्टी मिळाली की मित्रांच्या गावी जायचा. पत्रं मायच्या नावाने यायची, मी वाचून दाखवायचे. तुम्ही पेपर वाचत असल्यासारखे बसायचात आणि पत्र संपलं की मायला विचारायचात, "काय म्हणतो?" माय म्हणायची, "तुम्ही ऐकलं न्हाई का? खुशाल हाय म्हणतो." याच्यापुढे काही नाही. त्याच पावसाळ्यात विमानाच्या नाकातल्या ज्वारीला सोंडे लागले. फळीवर बारीक पीठ गळायला लागलं, नाक हलकं झालं, आणि एक दिवस विमान परत शेपटीवर बसलं. "दमलं बिचारं," माय म्हणाली. तुम्ही ते पुसून तसंच राहू दिलंत.

आणखी एक बदल झाला, तो फक्त मायला आणि मला माहीत होता. भाऊ गेला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून वंदनेत तुम्ही पहिलं शील तोंडातल्या तोंडात म्हणू लागलात. ओठ हलायचे, आवाज यायचा नाही, त्यामुळे आम्हाला मागून म्हणता यायचं नाही. दुसऱ्यापासून आवाज नेहमीसारखा. आधी मला वाटलं, घसा बसला असेल. मग ते रोजचं झालं. मी मायकडे पाहिलं, तिने डोळ्यांनीच मला गप्प केलं. इतर कुणाच्या घरी कुणी असं केलं असतं तर तुम्ही त्याला टोकलं असतंत.

मी नर्सिंगला औरंगाबादला गेले, शिकले, आणि शहागडच्या दवाखान्यात लागले. हायवेवरचं गाव. बाळंतपणं आणि ट्रकचे अपघात, दोन्ही एकाच खोलीत. घरी महिन्याकाठी एखादी चक्कर व्हायची. तुमचा एक डोळा मोतीबिंदूने जवळजवळ गेला होता, तरी तुम्ही शाळेत फळ्यावर सरळ रेघ मारायचात. मग परतूरला नेत्रशिबिर आलं. ते तुमच्याच शाळेत भरलं. वर्गांतले बाक काढून सतरंज्या टाकल्या होत्या. आसपासच्या दवाखान्यांतून नर्सेस मागवल्या होत्या, त्यात मलाही.

तुमच्या ऑपरेशननंतरचे दिवस मी असे पाहते. चौथीचा वर्ग आहे. भिंतीवर तुमचा लगद्याचा नकाशा आहे. भिंतीला लागून दोन्ही बाजूंना म्हातारे आडवे झोपले आहेत, सगळ्यांच्या दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या, मानेच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. हलायचं नाही, खोकायचं नाही, जोरात हसायचंही नाही. तुम्ही दाराजवळ आहात. मी सकाळी एकेकाची पट्टी सोडते, डोळा पुसते, थेंब घालते, पट्टी बांधते. तुमची पाळी आली की तुम्ही म्हणता, "हात हलका आहे तुझा." मी म्हणते, "बोलू नका, टाका ताणतो." माय डबा आणते आणि तुम्हाला भरवते, तुम्हाला ते बिलकुल आवडत नाही.

मायने भाऊला कळवलं होतं. तो येईल असं मला वाटलं नव्हतं. दुपारी मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला एका आजोबांना पाणी पाजत होते, तेव्हा दारात बूट वाजले.

"कोण आहे?" तुम्ही विचारलंत. "बूट कोणाचे?"

"मी हाय, अण्णा."

"कधी आल्तास?"

"आत्ताच. मनमाडच्या गाडीनं."

"बस. बाक न्हाई इथं, सगळे बाहेर काढलेत."

तो तुमच्या उशाशी फरशीवर बसला. शेजारच्या सतरंजीवरच्या म्हाताऱ्याने विचारलं, "गुरुजी, पोरगं का?" तुम्ही म्हणालात, "थोरला." भाऊ दाराकडे पाहत होता. मला वाटलं, आता तो उठेल आणि जाईल. तेवढ्यात तुम्ही म्हणालात, वर्गात एखाद्याला उभं करून विचारावं अगदी तशा आवाजात, "तुझं काम कसं असतं, सांग बरं."

भाऊने माझ्याकडे पाहिलं.

"सांग. मला दिसत न्हाई काही, हलताबी येत न्हाई. वेळच वेळ आहे."

मग भाऊने सांगायला सुरुवात केली. आधी तुटक, मग सलग. बॉम्ब ट्रॉलीवरून कसा येतो. किती जण उचलतात, कोण कुठे हात लावतं, कडी आकड्यात बसल्याचा आवाज कसा येतो आणि तो आवाज कानाने ऐकल्याशिवाय हात कसा सोडायचा नाही. दोन्ही बाजूंनी तो डुलू नये म्हणून काय आवळायचं. प्रत्येक बॉम्बला एक पिन, पिनेला लाल कापडाची पट्टी. विमान निघायच्या अगदी आधी त्या पिना काढायच्या, मोजायच्या आणि हात उंच करून वैमानिकाला दाखवायच्या. तो वरून मान हलवतो. मग बाजूला पळायचं आणि कान दाबायचे.

"विमान वर जाताना तुला दिसतं का?" तुम्ही विचारलंत.

"न्हाई. आमचं तोंड पुढच्या विमानाकडं. एक गेलं की दुसऱ्याखाली."

"आणि परत येतं तेव्हा?"

"तेव्हा पाहतो. पंख रिकामे असले की समजायचं, काम झालं." भाऊ थांबला. "लढाईत एक आलंच न्हाई. त्याच्या पिना माझ्या हातातच होत्या, अण्णा. कुणाला देऊ, कळेना."

तुम्ही पट्टीखालून काही पाहत असल्यासारखे वर तोंड करून होतात. "एवढं तू कधी सांगितलं न्हाईस."

"तुम्ही इचारलं न्हाई."

"हां," तुम्ही म्हणालात. "न्हाई इचारलं." आणि थोड्या वेळाने, "परत पहिल्यापासून सांग. ट्रॉलीपासून. त्या कडीचं मला नीट समजलं न्हाई."

त्याने परत पहिल्यापासून सांगितलं. तुम्ही मधे मधे प्रश्न विचारत होतात. चांगलं केलंस असं तुम्ही म्हणाला नाहीत. वाईट केलंस असंही नाही. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी तेच चाललं होतं. भाऊ सकाळी यायचा, फरशीवर बसायचा, शेजारचे दोन म्हातारेही आता ऐकत असायचे आणि एक जण मधेच विचारायचा, "मंग तुम्हाला भेव वाटत न्हाई का?" पट्टी सुटल्यावर तुम्ही चष्मा लावून पहिल्यांदा पाहिलंत ते भाऊकडे. म्हणालात, "टकला झालास की रे." तो नंतर दर सुट्टीत घरी आला. विमानाला बॉम्ब शेवटपर्यंत लागले नाहीत आणि तो विषय कुणी काढला नाही.

त्या तीन दिवसांत तुमच्या डोळ्यात थेंब घालणारा हात माझा होता. मी तुमच्यापासून हाताच्या अंतरावर होते, पण तुम्ही मला काही विचारलं नाहीत. मी तक्रार करत नाही. माझं काम तुम्हाला सरळ वाटत असणार. त्यात कुठल्या शीलाशी भांडण नव्हतं, मग विचारायचं काय? पण अण्णा, शहागडला एकदा ट्रकमधून तिघं एकदम आणले होते आणि मी एकटी होते. कुणाकडे आधी जायचं हे मला ठरवावं लागलं होतं. शिबिराला येण्याच्या थोडेच दिवस आधीची ती गोष्ट. मी ठरवलं, ते बरोबर होतं की नव्हतं, हे मला अजून कुणी विचारलेलं नाही. त्या दिवशी माझ्यासाठी कुणी सतरंजीवर स्वस्थ पडून राहिलं असतं, तर मीही पहिल्यापासून सांगितलं असतं.

भाऊ बरा आहे. मी हे त्याला वाचून दाखवणार नाही, कागद घडी करून माझ्याजवळच ठेवीन. एवढंच कबूल करायचं होतं की त्या दुपारी मला त्याचा हेवा वाटला. तुम्ही त्याला विचारलंत याचा वाटला, आणि तुम्ही त्याच्यावर इतकी वर्षं रागावलेले होतात, याचाही.